दुसरा हात

बाई, गेल्या रविवारी मी एका मुलीला बाद केलं. तेरा वर्षांची पोर, शंभर मीटर ब्रेस्टस्ट्रोक, जिल्ह्याची निवड स्पर्धा. मी वळणाची पंच म्हणून पलीकडच्या टोकाला उभी होते, तुम्ही उभ्या राहायचात तशीच, पांढऱ्या कपड्यांत आणि पहिल्याच शर्यतीत भिजलेल्या कॅनव्हासच्या बुटांत. तुमच्या वेळी एकेका लेनला तीन माणसं तीन घड्याळं घेऊन वेळ घ्यायची. आता भिंतीला पाण्याखाली पट्टी लावलेली असते, तिला हात टेकला की वेळ आपोआप थांबते आणि समोरच्या बोर्डावर शतांश सेकंदापर्यंतचे आकडे दिसतात. पण यंत्राला एक हात पुरतो. ब्रेस्टस्ट्रोकमध्ये वळताना दोन्ही हात एकाच वेळी भिंतीला लागले पाहिजेत, आणि ते लागले की नाही हे अजूनही माणसालाच वाकून बघावं लागतं. त्या मुलीचा उजवा हात लागला, डावा छातीखालीच राहिला. मला स्पष्ट दिसलं. मी हात वर केला. तो वर असतानाच ती परत जाऊन पोचली, आणि बोर्डावर तिची जी वेळ आली ती राज्य स्पर्धेसाठी ठरवून दिलेल्या वेळेच्या आत होती. गॅलरीत तिची आई उभी राहून टाळ्या वाजवत होती. तिला माझा हात अजून दिसलेला नव्हता.

गेले चार दिवस मी तुम्हाला लिहायचं म्हणते आहे. तुम्हाला जाऊन चौदा वर्षं झाली, तेव्हा हे पोचायचं नाही, हे मला कळतं. तरी लिहिते, कारण ही गोष्ट ज्यांना सांगायला हवी होती त्या तुम्हीच होतात, आणि दुसऱ्या कुणाला सांगायची तर आधी सगळं पहिल्यापासून सांगावं लागेल.

पहिल्यापासून म्हणजे आमच्या विहिरीपासून. हडपसरला तेव्हा आमच्या घरामागे भाजीचं रान होतं आणि रानात विहीर. वडिलांनी पाठीला रिकामा पत्र्याचा डबा बांधून मला त्यात सोडलं तेव्हा मी सहा वर्षांची होते. दहाव्या वर्षी मी डब्याशिवाय तळ गाठून यायची. तुम्ही आमच्या शाळेत पीटीच्या बाई म्हणून बदलून आलात, खडकीहून दोन बस बदलून रोज यायचात, आणि मैदानावर खो-खोत मला कुणी गडी म्हणून घेत नाही हे बघून विचारलंत, "तुला येतं तरी काय?" मी म्हटलं, "पवता येतं." शाळा सुटल्यावर तुम्ही खरोखरच माझ्याबरोबर विहिरीवर आलात. काठावर पर्स पोटाशी धरून उभ्या राहिलात. मी दहा-बारा फेऱ्या मारल्यावर म्हणालात, "पाय बेडकासारखे मारतेस. चांगली गोष्ट आहे. बाकी सगळं वाईट आहे." एवढंच. दुसऱ्या दिवशी तुम्ही वडिलांना भेटायला आमच्या दारात.

वडील पहाटे मोटरसायकलवर भाजीच्या पाट्या बांधून मार्केट यार्डाला जायचे. जाता जाता मला महापालिकेच्या टँकवर सोडायचं आणि येताना घ्यायचं, असं ठरलं. कोथिंबिरीच्या आणि मेथीच्या जुड्यांमध्ये बसून मी टँकवर यायची, आणि तुम्ही म्हणायचात, "आल्या बाजारातून." पहिल्या दिवशी मला तो निळा तळ इतका स्वच्छ दिसला की पाण्यात उडी मारायची भीती वाटली. विहिरीत तळ दिसत नाही, म्हणून तिथं भीतीही नसते.

कपडे बदलायच्या खोलीबाहेर तुम्ही एक टाइप केलेला कागद चिकटवला होता. वयोगट, प्रकार, आणि प्रत्येकापुढे वेळ. जिल्ह्याच्या स्पर्धेत त्या वेळेच्या आत आलं तरच राज्य स्पर्धेला नाव जाणार, पहिला नंबर आला तरी वेळ नसेल तर नाही. हे मला पटायला फार दिवस लागले. मी विचारलं होतं, "पण बाई, मी सगळ्यांना हरवलं तर?" तुम्ही म्हणालात, "सगळ्यांना हरवणं सोपं आहे. सगळ्या गोगलगायी निघाल्या तर तूही जिंकशील." माझ्या गटात मुलींच्या शंभर मीटर ब्रेस्टस्ट्रोकपुढे एक मिनिट तीस सेकंद लिहिलेलं होतं. तो आकडा मी वहीच्या मागच्या पानावर, फळ्याच्या कोपऱ्यात, एकदा कणकेच्या परातीत बोटानं लिहिला. आईनं विचारलं हे काय, तर मी म्हटलं, एवढ्या वेळात यायचंय. आई म्हणाली, "कुठनं?"

माझं सगळं दुखणं वळणात होतं. विहिरीत पोहून आलं की माणूस एका हातानं पायरीचा दगड धरतो आणि दुसऱ्या हातानं तोंडावरचं पाणी पुसतो. तीच सवय. दमले की उजवा हात आधी पुढे जायचा आणि डावा मागे राहायचा. तुम्ही रोज ओरडायचात, तेही न ओरडता. "ही भिंत आहे, तुमच्या विहिरीची पायरी नव्हे. दोन्ही हात लावलेत तर पडणार नाही, महापालिकेनं बांधलेली असली तरी." एकदा तुम्ही माझे दोन्ही अंगठे नाडीनं एकमेकांना बांधून वीस वळणं करायला लावलीत. एकविसाव्याला नाडी सोडली, आणि माझा उजवा हात परत आधी लागला. तुम्ही नाडी गुंडाळून पर्समध्ये ठेवलीत.

ज्या वर्षी मी तेरा पूर्ण केली, त्या वर्षी घरात बोलणं सुरू झालं. माझे थोरले काका, वडिलांचे मोठे भाऊ, आमच्या घरात शेवटचा शब्द त्यांचा. ते म्हणाले, पोरगी आता मोठी झाली, चारचौघांत पोहायच्या कपड्यांत उभी राहते, हे काय आपल्याला शोभत नाही. वडिलांनी त्यांना उलट उत्तर कधी दिलं नव्हतं. त्यांनी मधला मार्ग काढला. या वर्षी नाव राज्याला गेलं तर पोहू द्यायचं, नाही तर बंद. काका म्हणाले, "लिवून ठिवा." स्पर्धेच्या आदल्या दिवशी मी हे तुम्हाला सांगितलं. कॉस्च्युम पिळत होते, मान खाली होती. तुम्ही विचारलंत, "झोप लागते का रात्री?" मी म्हटलं, लागते. "मग झालं तर," म्हणालात.

म्हणजे तुम्हाला माहीत होतं. हे मी पुढे कित्येक वर्षं मनाशी म्हणत आले, की बाईंना सगळं माहीत होतं आणि तरीही.

मे महिन्यातली सकाळ. गॅलरीत वडील, त्यांनी इस्त्रीचा शर्ट घातला आहे आणि टोपी मांडीवर काढून ठेवली आहे. पंच कमी पडलेत म्हणून शिकवणारी माणसंच पंच झाली आहेत, आणि पाचव्या लेनच्या पलीकडच्या टोकाला तुम्ही उभ्या आहात. पाचवी लेन माझी. मी तुमच्याकडे बघते, तुम्ही बघत नाही. शिट्टी होते आणि मी पाण्यात असते. पहिले पन्नास मीटर मला आठवतच नाहीत, एवढे सोपे गेले. भिंत येते. मी हात टाकते, वळते, पायांनी भिंत रेटते आणि निघते. परतीच्या अर्ध्या वाटेवर छातीत कळ येते, मी दात आवळून पाय मारत राहते, आणि शेवटी दोन्ही तळहात इतक्या जोरात आपटते की मनगट दुखावतं. वेळ घेणारे तिघं वाकून आपापली घड्याळं एकमेकांना दाखवतात. त्यातल्या एका काकांना राहवत नाही, ते खाली वाकून हळूच सांगतात, "एक एकोणतीस साठ. आलीस की गं." मी वर बघते. वडील उभे राहिलेत, टोपी हातात. मग त्यांची नजर माझ्यावरून पलीकडे जाते, मीही वळून बघते. पन्नास मीटरवर, पांढऱ्या साडीत, तुम्ही उजवा हात सरळ वर करून उभ्या आहात. शाळेत प्रार्थनेच्या वेळी उभ्या राहायचात तशा, ताठ.

मुख्य पंच टँकच्या कडेनं चालत तुमच्यापर्यंत गेले. तुम्ही दोघं बोललात. त्यांनी कागदावर काहीतरी लिहिलं, तुम्ही सही केलीत. माइकवरून सांगितलं गेलं की पाचवी लेन बाद. वडिलांनी शेजारच्या माणसाला विचारलं, बाद म्हणजे काय, परत पोहायचं का.

तुम्ही माझ्याकडे आलात तेव्हा मी टॉवेल डोक्यावरून घेऊन बाकावर बसले होते. तुम्ही समोर उभ्या राहिलात आणि विचारलंत, "दुसरा हात लागला होता?" अगदी साध्या आवाजात, वही आणलीस का विचारावं तसं. मी म्हटलं, "लागला होता बाई. दोन्ही लागले होते." तुम्ही माझ्याकडे बघत राहिलात. मी टॉवेलच्या कडेचे धागे ओढत राहिले. "बरं," तुम्ही म्हणालात. "मला दिसला नाही." आणि पुढच्या शर्यतीसाठी परत त्या टोकाला गेलात.

घरी मी रडून रडून सगळ्यांना सांगितलं की माझे दोन्ही हात लागले होते. आईनं मला जवळ घेतलं आणि काकांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "माझी पोर खोटं बोलायची न्हाई." वडील जेवले नाहीत. दुसऱ्या दिवशी पहाटे मोटरसायकल सुरू झाल्याचा आवाज आला आणि मला कुणी उठवलं नाही.

तिसऱ्या दिवशी दुपारी तुम्ही आमच्या घरी आलात. मी स्वयंपाकघराच्या दारामागे उभी होते. काका बाहेरच्या खोलीत खाटेवर, वडील भिंतीला टेकून, आणि तुम्ही एकुलत्या एक खुर्चीवर, गुडघे जुळवून. वडिलांनी विचारलं, "बाई, ती तुमचीच पोर हुती ना?"

"हो. म्हणूनच मला तिच्या हाताची सवय माहीत आहे."

"मग आता कशाला आलाय?"

"पुढच्या महिन्यात अजून एक स्पर्धा आहे. या वर्षातली शेवटची. त्यातली वेळही धरतात. तेवढी तिला पोहू द्या, एवढंच सांगायला आले."

काका म्हणाले, "पोरगी म्हनती दोनी हात लागलं."

"ती म्हणते ते मी ऐकलंय."

"म्हंजे ती खोटं बोलती?"

"मी तसं म्हटलं नाही," तुम्ही म्हणालात. "माझं चुकलंही असेल. पाणी उसळतं, दिसत नाही कधी कधी. पण जे मला दिसलं नाही ते दिसलं म्हणून मी सही करू शकत नाही. तुमच्या मुलीसाठी नाही, माझ्या मुलीसाठीही नाही." तुम्हाला मूल नव्हतं, हे मला पुढे कळलं.

काकांनी तंबाखू मळायला घेतली, म्हणजे बैठक संपली. तेव्हा आई चहाचा कप घेऊन बाहेर गेली. थोरल्या दिरासमोर तिनं कधी तोंड उघडलं नव्हतं. डोक्यावरचा पदर पुढे ओढून, तुमच्याकडे किंवा कुणाकडेही न बघता, ती जमिनीकडे बघून म्हणाली, "मी नेईन तिला. धार काढून झाली की पहिल्या बसनं जाऊ. महिन्याचा तर प्रश्न हाय." काकांचा तळहातावरचा अंगठा थांबला. ते वडिलांकडे बघत राहिले. वडिलांनी छताकडे बघितलं, मग दाराकडे, आणि म्हणाले, "बाई, चहा घ्या."

आई तुमच्यावर चिडलेली होती, हे तुम्हाला कळत असणार. आपल्या लेकीवर अन्याय केलेल्या बाईकडे तिला रोज लेकीला घेऊन जावं लागत होतं. पहिला आठवडा ती पायऱ्यांवर तुमच्याकडे पाठ करून भाजी निवडत बसायची. तुम्ही पाय पाण्यात सोडून काठावर बसायचात आणि मी पंधरा मीटरवरून यायचं, दोन्ही हात लावायचे, वळायचं, जायचं. रोज पन्नास वेळा. तुम्ही दोनच शब्द बोलायचात. "लागले." "नाही." "लागले." "लागले." "नाही." आठ-दहा दिवसांनी आईची पाठ वळली. मग एक दिवस तुम्ही घड्याळ तिच्या हातात दिलंत आणि म्हणालात, "मला हिचे पाय बघायचेत, तेवढी वेळ तुम्ही घ्या." आईला अक्षरं येत नव्हती, आकडे येत होते. कुठलं बटण केव्हा दाबायचं हे तुम्ही तिला दोनदा दाखवलंत. ती घड्याळ दोन्ही हातांत, पाखरू धरावं तसं धरायची. महिन्याच्या शेवटी ती पायरीवरून सांगायची, "एक बत्तीस. काल एकतीस हुतं, आज काय झालं?" आणि तुम्ही म्हणायचात, "ऐक, आई काय म्हणतात."

त्या शेवटच्या स्पर्धेत माझे दोन्ही हात असे एकदम लागले की पंचांनी वाकायचीही गरज नव्हती. वेळ आली एक मिनिट तीस सेकंद आणि एकवीस शतांश.

मी पाण्यातच राहिले. बाहेर आले तर सगळं संपणार होतं. तुम्ही वडिलांच्या शेजारी जाऊन उभ्या राहिलात. ते त्या दिवशी मार्केट यार्डातून तसेच आले होते. त्यांनी तुम्हाला विचारलं, "एकवीस म्हंजे किती?" तुम्ही घड्याळ त्यांना दिलंत. "बटण दाबा आणि जमेल तितक्या लवकर परत दाबा." त्यांनी जाड अंगठ्यानं दोनदा दाबलं. बावीस शतांश झाले. त्यांनी परत केलं. पंचवीस. परत. वीस. बराच वेळ ते तेच करत राहिले आणि मी पाण्यातून त्यांच्याकडे बघत राहिले. शेवटी त्यांनी घड्याळ तुम्हाला परत दिलं आणि विचारलं, "एवढंच?"

"एवढंच."

"एवढ्यासाठी बंद करायचं?" हे त्यांनी तुम्हाला विचारलं की स्वतःला, मला अजून सांगता येत नाही. घरी जाऊन त्यांनी काकांना काय सांगितलं तेही मला माहीत नाही. पण पुढच्या सोमवारी मी परत जुड्यांमध्ये बसून टँकवर आले.

पुढचं तुम्हाला सगळं ठाऊक आहे. मी आणखी पाच वर्षं पोहले. दोनदा राज्य स्पर्धेला गेले, राष्ट्रीय स्पर्धेची वेळ मला कधीच गाठता आली नाही, जवळपासही गेले नाही. कॉलेजला गेल्यावर तुम्ही म्हणालात, "आता तुझं पोहणं पुरे. तुला बघायला शिकवते." पंचांच्या परीक्षेला मला बसवलंत, आणि पास झाले त्या दिवशी पांढरा शर्ट शिवून दिलात, खिसा डाव्या बाजूला जरा मोठा, चिठ्ठ्यांसाठी. माप न घेता शिवलेला, तरी बरोबर बसला. मग नोकरी लागली, हिंजवडीच्या कंपनीच्या बसमध्ये आयुष्याचे रोजचे तीन तास जाऊ लागले, लग्न झालं, रान बिल्डरला गेलं, विहीर बुजवली, तिच्यावर आता आमच्याच सोसायटीचं पार्किंग आहे. पण रविवारची स्पर्धा मी सोडली नाही. आपण दोघी शेजारी शेजारी उभ्या राहायचो, तुम्ही तीन-चार लेनला, मी पाच-सहाला. जेवायच्या सुट्टीत तुमच्या डब्यातली शेंगदाण्याची चटणी. तुम्ही त्या दिवसाचा विषय कधी काढला नाहीत. मीही नाही.

आजारी पडलात तेव्हा मी खडकीला तुमच्या घरी आले. दुपारची वेळ होती. तुमचे यजमान औषधं आणायला गेले होते. तुम्ही इतक्या बारीक झाला होतात की पलंग मोठा दिसत होता. मी मोसंबं सोलत होते. तुम्ही खिडकीकडे बघत म्हणालात, "त्या मे महिन्यातल्या शर्यतीचा मी फार विचार केला गं." मी हात थांबवला नाही. "शेजारच्या लेनमधली मुलगी तेव्हाच वळत होती. खूप फेस होता. मी हात वर केला तेव्हा मला खात्री होती. पण तू म्हणालीस लागला होता, आणि तू कधी खोटं बोलत नाहीस, तुझ्या आईही तेच म्हणायच्या. वर्षं गेली तशी माझी खात्री कमी कमी होत गेली. लागला असेल तुझा हात. माझ्यामुळे तुझं एक वर्ष गेलं."

मी काय म्हटलं, आठवतं तुम्हाला? मी म्हटलं, "जाऊ द्या हो बाई, किती जुनं झालं ते." आणि मोसंब्याची फोड तुमच्या हातात दिली. तुम्ही ती हातात धरून म्हणालात, "तू मनात काही ठेवलं नाहीस. हे सगळ्यांना जमत नाही." त्यानंतर महिन्याभरात तुम्ही गेलात.

आता रविवारचं राहिलेलं सांगते. त्या मुलीची आई खाली आली. मोबाइलवर शर्यतीचा व्हिडिओ होता तिच्याकडे, तो तिनं मुख्य पंचांच्या तोंडासमोर धरला. त्यात काही दिसत नव्हतं, नुसता फेस. मग ती माझ्याकडे वळली. "मॅडम, तुम्ही इतक्या लांबून ठरवता कसं? मुलगी सहा महिने चार वाजता उठतेय. तिचं पूर्ण वर्ष वाया घालवताय तुम्ही." मी म्हटलं, "ताई, मी लांब नव्हते. तिच्या डोक्यावर उभी होते." ती आणखी काही बोलणार तेवढ्यात ती मुलगी टॉवेल गुंडाळून आमच्या मध्ये येऊन उभी राहिली. दात थंडीनं वाजत होते. ती आईला नाही, मला म्हणाली, "मॅडम, सॉरी. लेफ्ट हँड मिस झाला होता. मला टर्नलाच कळलं होतं." आईनं तिच्याकडे बघितलं. "मग बोलली का नाहीस?" "आता बोलतेय ना, मम्मा." आणि बाटलीतलं पाणी पीत पीत कपडे बदलायला निघून गेली. तिला एवढाच वेळ लागला. शर्यत संपून दहा मिनिटंही झाली नव्हती.

बाई, माझा डावा हात लागला नव्हता. भिंतीच्या वीतभर आधी तो छातीखाली वळला होता आणि बोटांना फक्त पाणी लागलं होतं. मला टँकमध्येच कळलं होतं. परतीचे पन्नास मीटर मी त्या हातापासून पळाल्यासारखी पोहले, म्हणून तर ती वेळ आली. मी बाकावर खोटं बोलले ते काकांच्या भीतीनं, तेरा वर्षांची होते, ते तुम्ही समजून घेतलं असतंत. घरी ते निभावून नेलं, तेही कदाचित. पण तुमच्या पलंगाशी मी तिशीची बाई होते, मला कुणाचीच भीती नव्हती, आणि तुम्ही मला तो प्रश्न जवळजवळ परत विचारला होतात. तुमची नजर चुकली नव्हती. फेस असूनही तुम्हाला नीट दिसलं होतं. ज्या एका गोष्टीवर तुमचं सगळं उभं होतं तिच्याबद्दल शंका मनात घेऊन तुम्ही गेलात, आणि ती शंका मी तिथं राहू दिली, कारण माफ करणारी म्हणून तुमच्यासमोर बसायला मला बरं वाटत होतं. तुम्ही बरोबर होतात. हे वाक्य लिहायला मला एकतीस वर्षं लागली, आणि लिहून बघितलं तर तीनच शब्दांचं आहे.

वडील आणि काका आता नाहीत. आई माझ्याकडे असते. ती आत स्वयंपाकघरात बसून वाटाणे सोलते आहे, मला इथून तिची पाठ दिसते. सोसायटीतल्या बायकांना ती तुमची गोष्ट अजून सांगते, तिला तुमच्याबद्दल फार माया आहे. घड्याळाचं सांगते, बसचं सांगते, आणि शेवटी न चुकता म्हणते, "त्या दिवशी बाईंची नजर चुकली बगा, पन माझ्या लेकीनं कधी मनात धरलं न्हाई." काल संध्याकाळी बागेतल्या बाकावर ती हे सांगत असताना मी शेजारीच बसले होते, आणि रविवारची ती मुलगी डोक्यात असूनही मी मान डोलावली. हे कागद मी घडी करून ठेवणार आहे, पोस्टात टाकायला पत्ता नाहीच. आईला उद्या खरं सांगीन, असं शेवटी लिहायचं मनात होतं. पण सांगवेल की नाही, मला खरंच माहीत नाही, म्हणून ते लिहीत नाही.